मशिदीतल्या खुर्च्या आणि गॅरेजमधल्या कंबरा

गेल्या रमजानमध्ये सुट्टी काढून आठवडाभर सांगलीला घरी होतो. मोहल्ल्यातल्या मशिदीत तरावीहला उभा असताना सफेच्या टोकाला मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांकडे लक्ष गेलं. माझ्या लहानपणी तिथे दोन-तीन खुर्च्या असायच्या, सत्तरी ओलांडलेल्या बुजुर्गांसाठी. आता नऊ होत्या. त्यातल्या चार खुर्च्यांवर पन्नाशीच्या आतली माणसं बसली होती. चौघांच्याही नखांच्या कडेला तो काळपट रंग होता, जो कपडे धुण्याच्या पावडरने घासूनही जात नाही. चौघेही गॅरेजवाले.

त्या चौघांतले एक माझे मामू. वय ४६. सातवीनंतर शाळा सुटली आणि ते एका उस्तादाच्या हाताखाली दुचाकीचं काम शिकायला लागले. आज त्यांचं स्वतःचं गॅरेज आहे, दहा बाय बाराचा गाळा आणि पुढचा फुटपाथ. गाडीचा नुसता आवाज ऐकून ते सांगतात की टायमिंग चेन सैल आहे की टॅपेट वाजतोय. पण सजदा करायला त्यांचे गुडघे आता वाकत नाहीत आणि रुकूत गेलं की कंबर धरते. मी विचारलं तेव्हा हसून म्हणाले, “ये तो धंदे का दाग है बेटा, निकलता नहीं.”

हे वाक्य मी तेव्हा ऐकून सोडून दिलं. पुण्यात परत आल्यावर मात्र ते डोक्यातून जाईना. कारण त्याच महिन्यात माझं उजवं मनगट दुखत होतं.

एकाच दुखण्याच्या दोन गोष्टी

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसभर माऊस धरून मनगट दुखायला लागलं, तेव्हा ऑफिसात एक फॉर्म भरला. दोन दिवसांत एक बाई माझ्या टेबलापाशी आल्या. त्यांनी खुर्चीची उंची बदलली, मॉनिटर वर घेतला, हात कुठे टेकतो ते पाहिलं आणि उभा धरायचा माऊस मागवून दिला. तीन आठवड्यांत दुखणं गेलं. मला कुणी म्हटलं नाही की सब्र कर, नोकरी म्हटली की एवढं चालायचंच. दुखणं माझ्या मनगटात होतं, पण बदललं गेलं टेबल.

मामूंच्या गाळ्यात बसायला एक लाकडी पाट आहे, जेमतेम चार इंच उंचीचा. त्यावर ते दिवसाचे नऊ-दहा तास बसतात. गुडघे पूर्ण दुमडलेले, पाठ पुढे वाकलेली, मान खाली. गेली ३३ वर्षं. त्यांच्या दुखण्यासाठी कुठे फॉर्म नाही. त्यांच्या दुखण्याला आपण नशीब म्हणतो, वय म्हणतो, ‘मेहनतीचा माणूस’ म्हणून कौतुकही करतो.

आमच्या कामात एक साधा नियम आहे. एखाद्या माणसाने स्क्रीनवर चुकीचं बटण दाबलं तर ती त्याची चूक असू शकते. पण शंभरातली साठ माणसं तेच चुकीचं बटण दाबत असतील, तर चूक स्क्रीन बनवणाऱ्याची. एका मेकॅनिकची कंबर गेली तर कारण काहीही असेल. एकाच गल्लीतल्या निम्म्या मेकॅनिकांच्या कंबरा आणि गुडघे चाळिशीत जात असतील, तर काम ज्या पद्धतीने मांडलं आहे त्या मांडणीत दोष आहे. आणि मांडणीतला दोष दुरुस्त करता येतो. मला या लेखात एवढंच सांगायचं आहे.

हा प्रश्न आपल्या किती जवळचा आहे हे वेगळं सांगायला नको. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवून दिलं होतं की नियमित पगाराच्या नोकऱ्यांत मुस्लिम कमी आणि स्वयंरोजगारात जास्त आहेत. मुस्लिम कारागिरांचा वाटा ज्या व्यवसायांत मोठा आहे, त्यांत गाड्यांची दुरुस्तीही आहे. गॅरेजमध्ये सगळ्या जातिधर्मांची माणसं राबतात आणि दुखणं धर्म विचारत नाही. तरीही आपल्यापैकी प्रत्येकाच्या नात्यात एक तरी मिस्त्री, डेंटर, पेंटर, पंक्चरवाला किंवा ऑटो इलेक्ट्रिशियन असतो. त्या घराकडे जमीन नसते, पेन्शन नसते. त्या माणसाचं अंग हीच घरातली एकमेव यंत्रसामग्री असते. ते बिघडलं की मुलाची फी थांबते.

पाना जे सांगतो तेच पाठ सांगते

कोणत्याही मेकॅनिकला विचारा, जाम झालेला नट सुटत नसेल तर काय करायचं? तो पान्याच्या दांड्याला पाईप लावेल. दांडा लांब झाला की तेवढ्याच ताकदीत जास्त पीळ बसतो, हे त्याला कुठल्याही पुस्तकाशिवाय माहीत असतं. हाच नियम त्याच्या कंबरेवर उलटा चालतो, हे मात्र त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

कंबरेच्या मणक्यांमध्ये ज्या गाद्या असतात, त्यांच्या मागे साधारण पाच सेंटीमीटरवर पाठीचे स्नायू असतात. समोरच्या वजनाला तोलून धरण्याचं काम त्यांचं. म्हणजे पाठीकडे दांडा फक्त पाच सेंटीमीटरचा. आता कारचं टायरसकट चाक घ्या, साधारण २० किलोचं. ते पोटाशी धरलं, म्हणजे मणक्यापासून २५ सेंटीमीटरवर, तर ढोबळ हिशोबाने स्नायूंना १०० किलोची ओढ लावावी लागते. तेच चाक हात लांब करून, ६० सेंटीमीटरवर धरून उचललं तर ही ओढ २४० किलोवर जाते. चाक तेच, माणूस तोच, फक्त दांडा लांब झाला. आणि ही सगळी ओढ दोन मणक्यांमधल्या गादीला दाबते.

यात माणसाचं स्वतःचं वजन धरलेलं नाही. शरीराचं निम्म्याहून जास्त वजन कंबरेच्या वर असतं. म्हणून हातात काही नसतानाही, बोनेटमध्ये अर्धं अंग घालून तासभर वायरिंग शोधणारा इलेक्ट्रिशियन कंबरेवर मोठा भार घेऊन उभा असतो. मणक्यातल्या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतो. हालचालीमुळे दाब कमी-जास्त होतो, तेव्हा तिला पोषण मिळतं. एकाच स्थितीत तासन्‌तास वाकून राहणं म्हणूनच वाईट.

अमेरिकेच्या निऑश या कामगार-आरोग्य संस्थेच्या सूत्रात, सगळी परिस्थिती अनुकूल असताना उचलायच्या वजनाची शिफारस केलेली मर्यादा २३ किलो आहे. अनुकूल म्हणजे वजन कंबरेच्या उंचीवर, अंगाजवळ, पकड चांगली आणि अंगाला पीळ नाही. खाली वाकावं लागलं, हात लांब करावा लागला, वळावं लागलं की ही मर्यादा झपाट्याने उतरते. गॅरेजमध्ये या चारही अटी एकदम पूर्ण होतात असा दिवस उगवत नाही. तिथे ट्रकचं रिमसकट चाक शंभर किलोच्या आसपास भरतं आणि दोनशे किलोच्या आसपासची बुलेट पाय घसरू न देता मागे ओढून स्टँडवर घ्यावी लागते.

दुखणं कामाप्रमाणे बदलतं. दुचाकीवाल्याचा गुडघा आधी जातो, कारण पूर्ण दुमडलेल्या गुडघ्यातल्या कूर्चेवर सतत दाब राहतो. पिटमध्ये उतरून किंवा गाडीखाली पडून काम करणाऱ्याचे खांदे आणि मान जातात, कारण हात डोक्याच्या वर ठेवूनच नट फिरवावे लागतात. दिवसभर पाना आणि पक्कड आवळणाऱ्याच्या मनगटात नस दाबली जाते, रात्री अंगठ्याला आणि शेजारच्या बोटांना मुंग्या येतात, झोपेतून उठून हात झटकावा लागतो. डेंटिंगवाल्याच्या ग्राइंडरची आणि टायरवाल्याच्या इम्पॅक्ट गनची थरथर वर्षानुवर्षं हातात मुरली की बोटं बधिर होतात, थंडीत पांढरी पडतात आणि लहान स्क्रू धरता येत नाही. युरोपीय संघाने हातापर्यंत पोहोचणाऱ्या अशा थरथरीवर २००२ च्या नियमांनी दिवसाची मर्यादा घातली आहे. आपल्याकडे गनची किंमत विचारली जाते, थरथर किती ते विचारलं जात नाही.

न दिसणारा अपघात

जॅक घसरून गाडी अंगावर आली तर तो अपघात. पोलीस येतात, पंचनामा होतो, पेपरात दोन ओळी येतात. ३३ वर्षं रोज थोडी थोडी झिजलेली गादी एका सकाळी बूट घालायला वाकताना सरकते. तिला तारीख नसते. म्हणून ती कुठल्याच कागदावर येत नाही.

वर्षाला २० रुपये हप्ता असलेली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना अपघाती मृत्यू आणि अपंगत्वासाठी आहे, ती प्रत्येकाने घ्यावीच. पण झिजेला ती लागू होत नाही. ईएसआयसीसाठी साधारणपणे आस्थापनेत दहा कामगार लागतात. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेची नवी संहिता २०२० साली मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिथेही सर्वसाधारण आकडा दहाचाच. उस्ताद, एक कारीगर आणि एक हेल्पर असं आपलं गॅरेज या सगळ्या आकड्यांच्या बाहेर राहतं. शिवाय कायदा लागू असला तरी आजारांच्या यादीचा प्रश्न उरतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१० च्या व्यावसायिक आजारांच्या यादीत मनगटातली दबलेली नस आहे, कोपराच्या स्नायूबंधांचं दुखणं आहे, गुडघे टेकून किंवा दुमडून काम केल्याने झिजलेली कूर्चाही आहे. आपल्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे ज्यांची नोंद सरकारला कळवावी लागते त्या २९ आजारांत, यातलं काहीच नव्हतं.

इटलीच्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या डॉक्टरने १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला नेहमीच्या प्रश्नांबरोबर ‘तुझा धंदा काय?’ हेही विचारा, असं त्याने डॉक्टरांना सांगितलं होतं. मामू गेल्या सहा वर्षांत चार डॉक्टरांकडे गेले. एकानेही विचारलं नाही की तुम्ही बसता कशावर.

जे चालत नाही

दुखणं सुरू झालं की आपल्याकडे तीन उपाय ठरलेले असतात.

पहिला, गोळी. मेडिकलमधून दोन गोळ्या आणायच्या, चहाबरोबर घ्यायच्या आणि परत पाटावर बसायचं. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने घेतल्या तर पोटात व्रण होऊ शकतात, मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. आणि गोळी दुखणं दाबते, झीज चालूच राहते. धोक्याचा दिवा पेटला म्हणून त्याची वायर तोडावी, तसा हा प्रकार. हे काम मामूंनी गिऱ्हाईकाच्या गाडीवर कधी केलं नसतं.

दुसरा, पट्टा. कंबरेला रुंद पट्टा बांधला की बिनधास्त उचलता येतं असा समज आहे. निऑशने अमेरिकेतल्या दुकानांत माल उचलणाऱ्या हजारो कामगारांचा अभ्यास करून २००० साली निष्कर्ष मांडला: पट्टा बांधणाऱ्यांच्या पाठीच्या दुखापती किंवा कंबरदुखी कमी झाली नव्हती. एखाद्या दुखण्यात डॉक्टरांनी थोडे दिवस पट्टा दिला तर तो जरूर वापरावा. निरोगी माणसाला तो वाचवत नाही.

तिसरा, सल्ला. ‘गुडघे वाकवून उचला, पाठ सरळ ठेवा.’ सल्ला चूक नाही. पण नुसत्या प्रशिक्षणाने कंबरदुखी थांबत नाही, असं अशा प्रशिक्षणांच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. ज्याच्या गाळ्यात उभं राहून काम करायला जागाच नाही, त्याला पाठ सरळ ठेव सांगून काय होणार?

पोतं बदललं तसं

महाराष्ट्रात या प्रश्नाचं उत्तर आपल्या आधी एका वर्गाने शोधलं आहे. ते म्हणजे हमाल. एकेकाळी बाजार समित्यांमध्ये शंभर किलोचं पोतं पाठीवर घेणं हा हमालाच्या मर्दानगीचा भाग मानला जायचा. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली हमाल पंचायत उभी राहिली. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना संघटित केलं. १९६९ साली माथाडी कायदा आला, मंडळं झाली, भविष्यनिर्वाह निधी आणि औषधोपचाराची सोय झाली. पोत्याचं वजन पन्नास किलोवर आणा, ही हमाल संघटनांची मागणी होती. आज शंभर किलोचं पोतं बाजारातून जवळपास हद्दपार झालं आहे.

पन्नास किलो हेही कमी नाही. पण त्या लढ्याची दिशा पाहा. कमजोर हमाल बाजूला करून तगडे हमाल आणा, असं कुणी म्हटलं नाही. पोतं बदलायला लावलं.

गॅरेजमधलं पोतं कोणतं, ते शोधायला हवं. मामूंच्या बाबतीत ते पोतं म्हणजे जमीन. गाडी जमिनीवर आहे म्हणून माणूस जमिनीवर बसतो. गाडी वर आली तर माणूस उभा राहील.

कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये दुचाकी एका टेबलावर चढवतात आणि टेबल पायाने पंप मारून कंबरेच्या उंचीवर आणतात. हा लिफ्ट साध्या हायड्रॉलिकवर चालतो, त्याला विजेचीही गरज नसते. मामेभाऊ १९ वर्षांचा आहे, आयटीआय करून वडिलांच्याच गाळ्यात बसतो. उठताना तोही गुडघ्यावर हात टेकतो, हे ईदच्या दिवशी पाहिलं आणि माझी झोप उडाली. तीन वर्षांपूर्वी मामूंच्या एमआरआयसाठी, इंजेक्शनांसाठी आणि गॅरेज दोन महिने बंद होतं तेव्हा घरखर्चासाठी मी पैसे दिले होते. मोठा भाचा म्हणून तेव्हा मला बरंही वाटलं होतं. नंतर लिफ्टची किंमत विचारली तर ती त्या वर्षीच्या खर्चाहून कमी निघाली. शिकलेला इंजिनिअर मी, पण हा हिशोब त्या वेळी माझ्या डोक्यात आला नाही.

आम्ही जुना लिफ्ट घेतला. पहिला महिना फजितीचा होता. तो गाळ्यात आडवा बसेना, दार लागेना. मामूंनी त्यावर सुट्ट्या पार्टचे खोके ठेवले आणि आपला पाट गाठला. उभं राहून काम करायची सवय नव्हती, पाय दुखतात म्हणाले. शेवटी मामेभावाने लिफ्ट उभा लावला, भिंतीवर कंबर ते खांदा या उंचीत पान्यांचा बोर्ड ठोकला आणि इंजिनच्या कामापुरता तरी लिफ्ट वापरायचा असं ठरवलं. आता मामूही टायर आणि चेनचं काम त्यावर करतात. त्यांची कंबर यामुळे बरी झाली असं मी म्हणणार नाही. झालेली झीज परत भरत नाही. पण संध्याकाळी गोळी लागत नाही, असे दिवस येऊ लागले आहेत. आणि मामेभाऊ दिवसातले पाच-सहा तास उभा असतो.

चार इंचांच्या पाटापासून सुरुवात

प्रत्येकाला लिफ्ट लगेच परवडणार नाही. पण काही बदल फार कमी पैशात होतात.

पाटाऐवजी फूट-सव्वा फूट उंचीचं, चाकं लावलेलं स्टूल वापरलं तर गुडघा पूर्ण दुमडत नाही आणि गाडीभोवती फिरायला प्रत्येक वेळी उठावं लागत नाही. गाडीखाली जाताना चाकाची फळी, मानेखाली उशी. ज्या वस्तू रोज उचलायच्या त्या जमिनीवर किंवा माळ्यावर ठेवू नयेत. बॅटऱ्या, चाकं, ऑईलचे डबे कंबरेच्या उंचीच्या फळीवर ठेवावेत. जाम नटाला आधी गंज सोडवणारं तेल मारून वेळ द्यावा, मग लांब दांडा लावावा, झटका मारू नये. गिअरबॉक्स उतरवायला छातीचा आधार न देता गिअरबॉक्स जॅक किंवा चेन ब्लॉक लावावा. इंजिन दोघांनी उचलायचं तर एकाने मोजून इशारा द्यावा. तासभर एकाच स्थितीत काम झालं की दोन मिनिटं उठून चालावं, आणि वाकून करायच्या कामानंतर उभ्याचं काम घ्यावं. आणि गाडी नुसत्या जॅकवर असताना कधीही खाली जाऊ नये, घोडी लावूनच जावं.

दुखणं सुरू झालं तर पहिल्या पंधरवड्यातच सांगायची सवय हवी. साध्या कंबरदुखीत आठवडेच्या आठवडे पडून राहण्यापेक्षा झेपेल तशी हालचाल चालू ठेवणं चांगलं. पण पायातला बधिरपणा वाढत असेल, पाऊल उचलत नसेल, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. तिथे मालिश करणारा किंवा हाड बसवणारा चालणार नाही.

आपण काय करू शकतो

हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी बरेच जण स्वतः गॅरेजमध्ये नसतील. कॉलेजात असाल, माझ्यासारखे स्क्रीनपुढे असाल. पण तुमची फी याच हातांनी भरली असेल.

आपल्या जमातींमध्ये, ट्रस्टमध्ये, बैतुलमालमध्ये ऑपरेशनसाठी मदत मागायला लोक येतात आणि आपण ती देतो. ती द्यायलाच हवी. त्याबरोबर दरवर्षी थोडी रक्कम बिनव्याजी कर्ज म्हणून फक्त अवजारांसाठी बाजूला ठेवता येईल का? लिफ्टसाठी, स्टूलसाठी, चेन ब्लॉकसाठी. एका गल्लीत पाच गॅरेजं असतील तर इंजिन उचलायची एक घोडागाडी क्रेन आणि एक गिअरबॉक्स जॅक पाचांत मिळून घेता येतो. कुणाकडे कधी आहे, याची नोंद एका व्हॉट्सॲप ग्रुपवर राहील. एवढं काम तर मोहल्ल्यातल्या कुठल्याही बारावीच्या मुलाला जमेल.

ऑईलच्या आणि सुट्ट्या भागांच्या कंपन्या मेकॅनिक मेळावे भरवतात. जेवण, टी-शर्ट, पॉइंट जमले की मिक्सर नाहीतर डिनर सेट. मेकॅनिकांच्या संघटनांनी एकजुटीने सांगावं की पॉइंटवर आम्हाला लिफ्ट द्या, स्टूल द्या.

आरोग्य शिबिरात आपण शुगर आणि बीपी तपासतो. पुढच्या वेळी एका फिजिओथेरपिस्टला शिबिराच्या मंडपातून उठवून तासभर गॅरेजच्या गल्लीत न्या. माणूस कसा बसतो ते तिथेच दिसेल. ई-श्रम कार्ड नसलेल्यांची नोंदणीही त्याच दिवशी उरका. या नोंदणीत मेकॅनिकांची संख्या दिसली तर उद्या त्यांच्यासाठी मंडळ मागताना हातात काही असेल. माथाडींना जे मिळालं ते मागितल्यामुळे मिळालं.

आणि चौदा वर्षांखालचा ‘छोटू’ कुणाच्याही गॅरेजमध्ये दिसला, अगदी नातेवाइकाच्या, तर गप्प बसू नका. त्याला कामाला ठेवणं गुन्हा आहे. वाढीच्या वयातल्या हाडांवर चाकं आणि बॅटऱ्यांचं ओझं टाकायचं आणि त्याला तालीम म्हणायचं, हे आता थांबायला हवं.

यावर मला दोन आक्षेप ऐकायला मिळतात. एक, गिऱ्हाईकाला घाई असते, लिफ्टवर चढवायला वेळ कुठे? मामेभावाने मोजलं, दुचाकी चढवून बांधायला दोन-तीन मिनिटं लागतात. पंक्चर किंवा प्लगसाठी ती चढवूच नये. इंजिनच्या तीन तासांच्या कामात तीन मिनिटं सापडतात. दुसरा आक्षेप जड आहे: आमच्या बापजाद्यांनी असंच काम केलं. खरं आहे. त्या बापजाद्यांपैकी किती जणांना साठीत जिना चढता येत होता, हे घरी विचारून पाहा.

मेहनतीचा आदर आपल्यात आहे आणि तो राहायला हवा. पण कष्ट सोसणारा माणूस दिसला की त्याच्या सब्रचं कौतुक करून आपण निघून जातो, त्यात आपली एक सोय असते. कौतुकाला पैसे लागत नाहीत, स्टूलला लागतात.

या शुक्रवारी नमाजनंतर जवळच्या एखाद्या गॅरेजमध्ये थांबा. चहा घ्या आणि चार प्रश्न विचारा: कशावर बसता? सगळ्यात जड काय उचलता? रात्री कुठे दुखतं? या गाळ्यात एकच गोष्ट बदलता आली तर काय बदलाल? चौथ्या प्रश्नाचं उत्तर लिहून घ्या. ते महाग नसतं, असा माझा अनुभव आहे. मामूंनी पहिल्यांदा लिफ्ट मागितलाच नव्हता. ते म्हणाले होते, “पाट थोडा उंच हवा होता.” ३३ वर्षांत त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं.